घमेलं तिच्या डोक्यावर, थापी त्याच्या हातात

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात आम्ही घरावर मजला चढवला. कामाला तीन मिस्तरी आणि चार बाया होत्या. त्यातल्या एक मावशी वीस-बावीस वर्षांपासून बांधकामावरच जातात. माल घट्ट झाला की पातळ, हे त्या लांबूनच सांगायच्या आणि मिस्तरीही त्यांचं ऐकायचे. पण त्यांच्या हातात थापी एकदाही दिसली नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, "आमले कोन शिकाडी वं ताई?" परदेशात म्हणे बायकांना आणि मागे राहिलेल्या समाजांना बांधकामातल्या कारागिरीत आणण्यासाठी उमेदवारीच्याही आधी तयारीचे वर्ग असतात. आपल्या जळगाव-धुळ्यात असं काही आहे का? आणि नसेल तर का नाही?
— एक वाचक भगिनी, पारोळा

उत्तर : ताई, "गवंडीकामाला ताकद लागते" हे उत्तर तुम्हाला कुणीतरी नक्कीच ऐकवलं असेल. आधी त्याचाच हिशोब करू. एक वीट साधारण तीन किलोची. बाई एका खेपेला डोक्यावर आठ-दहा विटा घेते, म्हणजे पंचवीस-तीस किलो. तेवढं ओझं घेऊन ती जिना नसताना फळ्यांवरून वर चढते, तेही भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात. मिस्तरी एका वेळी एकच वीट उचलतो, थापीने माल पसरतो, वीट बसवतो, ठोकतो. ताकदीचं काम कुणाचं, ते तुम्हीच ठरवा. मिस्तरीचा रोज जास्त असतो तो ताकदीपायी नव्हे, त्याच्याजवळच्या ज्ञानापायी. खरा प्रश्न असा, की हे ज्ञान साइटवर बाईच्या डोळ्यादेखत वापरलं जातं, तरी तिच्यापर्यंत पोचत का नाही?

पायाची आखणी चालते ती सकाळ बघा. मिस्तरी दोरी बांधतो. कोपरा काटकोनात आला का, हे बघायला एका दोरीवर तीन फुटांवर खूण करतो, दुसरीवर चार फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट भरलं तर कोपरा गुण्यात. पाया मोठा असेल तर सहा, आठ, दहा. शाळेत आपण पायथागोरसचा सिद्धांत म्हणून घोकलेलं गणित ते हेच. पाच मिनिटांत समजावं असं. पण त्या पाच मिनिटांत बाया कुठे असतात? वाळू चाळत असतात, टाकी भरत असतात, नाहीतर विटांवर पाणी मारत असतात. लेव्हल काढताना तर आणखी गंमत. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीचं एक टोक मिस्तरीकडे, दुसरं बहुतेक वेळा बाईकडेच. "हं, थांबलं पाणी" असं तीच सांगते. पण भिंतीवर खूण मारायची पेन्सिल मिस्तरीच्या कानावर. म्हणजे निम्मं काम तिने केलं आणि कारागिरी त्याच्या नावावर चढली.

तुमच्या मावशींना मालाचं प्रमाण पाठ आहेच. नऊ इंची भिंतीला एकास सहा, चार इंचीला आणि गिलाव्याला एकास चार, हे त्या घमेल्यांच्या हिशोबात रोज करतात. उरतं काय? ओळंबा, गुण्या, नकाशावरची मापं वाचणं आणि हात बसणं. त्यातलं हात बसणं सगळ्यात महाग, कारण हात बसेपर्यंत काम हळू होतं, थोडा माल वाया जातो, एखादी भिंत पाडून पुन्हा बांधावी लागते. हा तोटा कुणीतरी सोसावा लागतो. पोरगा शिकत असेल तर त्याचा काका, मामा किंवा गाववाला मिस्तरी तो सोसतो. आपल्याकडे कारागिरी पूर्वापार नात्यागोत्यातून आणि जातीतून आली. सुतार, पाथरवट, बेलदार, वडार ही घराणीच कामाची. त्यात वडार-बेलदारांच्या बायकांनी पिढ्यानपिढ्या दगड फोडले, विहिरी खणल्या, रस्त्यांची खडी केली. तरी अवजार बापाकडून मुलाकडेच गेलं. चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं बिगारी म्हणून येतं आणि चार-पाच वर्षांत मिस्तरी होतं. बाई बिगारी म्हणून येते आणि बिगारी म्हणूनच म्हातारी होते.

आता परदेशाचं. अमेरिकेत बांधकामातली उमेदवारी म्हणजे चार-पाच वर्षांचा पक्का, पगारी अभ्यासक्रम असतो. कामगार संघटना आणि ठेकेदार मिळून तो चालवतात. तिथेही तो बापाकडून मुलाकडे जायचा आणि बायका, कृष्णवर्णीय, स्थलांतरित बाहेरच राहायचे. म्हणून १९७८ मध्ये न्यूयॉर्कला आणि १९८१ मध्ये शिकागोला बायकांसाठी खास संस्था निघाल्या. काही आठवड्यांचा वर्ग. त्यात कामाचं गणित, मोजमाप, अवजारांची ओळख, सुरक्षिततेचं प्रमाणपत्र, उंचीवर उभं राहायची सवय आणि मुलाखतीची तयारी. पण या वर्गांचा खरा जीव दोन गोष्टींत आहे. एक, वर्ग संपला की कोणत्या उमेदवारीत जागा मिळणार, हे संघटनांशी आधीच बोलून ठेवलेलं असतं. दोन, मूल कुठे ठेवायचं आणि साइटवर पोचायचं कसं, याचीही सोय बघितली जाते. एवढं करूनही तिथे प्रत्यक्ष कारागिरीत बायका शंभरात चार-पाचच. सरकारी पैशाच्या बांधकामांवर बायकांचे तास ६.९ टक्के असावेत असं उद्दिष्ट १९७८ सालीच ठरलं होतं. देशभरात ते कधी गाठलं गेलं नाही, आणि २०२५ च्या जानेवारीत तर त्यामागचा अध्यक्षीय आदेशच मागे घेतला गेला. तेव्हा अमेरिकेकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही.

आपल्या जवळची उदाहरणं जास्त कामाची आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागात घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचा मोठा कार्यक्रम झाला. त्यात गावोगावच्या बायका 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या गेल्या. दगडमातीच्या भिंतीला कुठे बांध घालायचा, सळई कशी घ्यायची, हे त्या शिकल्या आणि घरोघरी जाऊन समजावू लागल्या. ठेकेदाराने काय केलं आणि काय टाळलं, यावर त्यांची नजर राहिली. कामावरची देखरेख बाईला जमते का, या प्रश्नाचा निकाल महाराष्ट्रात तीस वर्षांपूर्वीच लागला आहे. दुसरं उदाहरण अहमदाबादचं. सुरतला मजुरीला जाणाऱ्या आपल्या लोकांना तो मुलूख परका नाही. तिथे कष्टकरी बायकांच्या 'सेवा' संघटनेच्या परिवारातून २००३ मध्ये बांधकाम कामगारांसाठी 'कर्मिका' नावाची शाळाच निघाली. रोजंदारीवरच्या बायका तिथे गवंडीकाम, रंगकाम, प्लंबिंग, वायरिंग शिकू लागल्या.

मला सगळ्यात बोलकं वाटतं ते झारखंडचं. स्वच्छ भारत मोहिमेत शौचालयांची उद्दिष्टं आली आणि गावागावांत मिस्तरीच पुरेनात, कारण पुरुष कारागीर कामासाठी परराज्यांत गेलेले. मग बचत गटांतल्या बायकांना शिकवलं गेलं. 'राणी मिस्त्री' म्हणून त्या ओळखल्या जाऊ लागल्या. अशा हजारो जणी उभ्या राहिल्या. यात चमत्कार काहीच नव्हता. काम छोटं होतं, एका साच्याचं होतं, गावातच होतं आणि पैसे देणारं सरकार होतं. शिकाऊ हाताने पहिलं शौचालय थोडं वाकडं बांधलं तरी दुसरं, तिसरं, दहावं बांधायला मिळत होतं. हात बसायला जे लागतं, तेच नेमकं मिळालं.

आता खानदेशात काय आहे ते सांगतो. थोडं किचकट आहे, पण कामाचं आहे.

उमेदवारीचा कायदा आपल्याकडे १९६१ पासून आहे. शिकाऊ उमेदवार म्हणजे अप्रेंटिस, आणि गवंडी, सुतार, वायरमन, प्लंबर हे व्यवसाय त्यात येतात. कंत्राटी माणसं धरून जिथे तीस किंवा जास्त माणसं आहेत, तिथे अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. चार ते एकोणतीस माणसं असतील तर ऐच्छिक. जो थेट येतो, म्हणजे ज्याने आयटीआय केलेलं नाही, त्याला कामावर जाण्याआधी मूलभूत प्रशिक्षण द्यायचं असतं. तुम्ही जे 'उमेदवारीआधीचे वर्ग' म्हणता, त्याची जागा आपल्या कायद्यात इथे आहे. या कामासाठी आयटीआयच्या आवारात बीटीआरआय नावाचं केंद्र असतं. आयटीआयसमोर राहणाऱ्यांनाही ते माहीत नसतं, हा भाग वेगळा.

मग अडतं कुठे? दोन ठिकाणी. पहिलं, आपल्याकडचं घरबांधणीचं काम तीस माणसांच्या हजेरीपटावर चालतच नाही. बिल्डर सेंट्रिंग एकाला देतो, बांधकाम दुसऱ्याला, गिलावा तिसऱ्याला. तिसरा आपल्या दोन मेहुण्यांना आणि चार बायांना घेऊन येतो. कायद्याच्या दृष्टीने अशा साइटवर कुणीच नसतं. दुसरं, पैसा. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पाचवी ते नववी शिकलेल्या शिकाऊ उमेदवाराचं किमान विद्यावेतन महिना ५,००० रुपये, दहावी पास असेल तर ६,०००. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ परिषदेने हा पट्टा ५,००० ते ९,००० वरून ६,८०० ते १२,३०० वर न्यायची शिफारस केली, तेव्हा चालू दर केंद्रावर विचारून घ्या. पण मावशींचा रोज साडेतीनशे धरा आणि महिन्याचे पंचवीस दिवस. पावणेनऊ हजार होतात. ते सोडून पाच हजारांवर शिकायला कोण येईल? आणि त्याही आधीचा तयारीचा वर्ग बिनपगारी असेल, तर त्यात येणार कोण? ज्याच्या घरी दुसरं कुणी कमावतं आहे, तोच. ज्यांच्यासाठी वर्ग काढला, ते सोडून बाकी सगळे.

शिकताना पोट भरलं पाहिजे, ही काही अवास्तव मागणी नाही. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून पहिले आलेले विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये सहायक अभियंता म्हणून सरकारी नोकरीत लागले आणि खानदेशात आले. साक्री तालुक्यात दातर्तीला पाण्याचा सायफन बांधायचं काम त्यांच्या वाट्याला आलं. पुस्तकातलं शास्त्र त्यांनी पांझरेच्या खोऱ्यात, ऐन पावसात ताडून पाहिलं, आणि ते पगारावर. पुढे सर झालेल्या माणसाला जे मिळालं, ते बिगारी बाईला द्यायला आपण का कचरतो?

म्हणून योजनांची यादी बघताना मी एकच प्रश्न विचारतो : शिकण्याच्या दिवसांचे पैसे मिळतात का? त्या हिशोबाने तुमच्या मावशींना सगळ्यात जवळची वाट प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण गवंडी प्रशिक्षणाची आहे. पंचेचाळीस दिवस, प्रत्यक्ष घरकुलावर काम, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. मजुरी बुडते म्हणून भरपाईची तरतूद आहे, बायकांनाही घेता येतं. झारखंडात जे शौचालयांनी केलं, ते आपल्याकडे घरकुलं करू शकतात. छोटं काम, एकाच साच्याचं, गावातलं, पैसे सरकारचे. राज्य सरकारच्या महाआवास अभियानात बचत गटांच्या बायकांनी 'घरकुल मार्ट' काढून सिमेंट-पत्रे विकायला सुरुवात केली आहे. सिमेंट विकणाऱ्या बाईच्या शेजारी सिमेंट लावणारी बाई उभी करायला नवा कायदा लागत नाही. तालुक्यात अशी तुकडी कधी निघणार, हे पंचायत समितीच्या घरकुल कक्षात विचारायचं. पुरेशा बायांची नावं एकत्र दिली तर तुकडी निघायला बळ येतं, म्हणून एकटीने न जाता बचत गटाने जावं.

पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. अठरा व्यवसायांत राजमिस्त्री आणि सुतार आहेत. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंत मदत आणि पुढे पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचं कर्ज. चांगली आहे. पण तिच्यात एक मेख आहे : एका कुटुंबातून एकच जण. नवरा मिस्तरी असेल तर नाव त्याचंच लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको. शिवाय जो आधीपासून ते काम करतो, त्याच्यासाठी ती योजना आहे. थापी हातात घेतलेलीच नाही अशा बाईसाठी ती पहिली पायरी ठरत नाही, दुसरी ठरू शकते.

आरसेटी, म्हणजे अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, दोन्ही जिल्ह्यांत आहे. शिकणं, राहणं, जेवण फुकट. मजुरी मात्र बुडते. घरची जबाबदारी कमी असलेल्या तरुण मुलीला वायरिंग किंवा प्लंबिंगसाठी मी तिथे पाठवीन. पन्नाशीकडे झुकलेल्या, रोज कमवून रोज चूल पेटवणाऱ्या मावशींना नाही.

आणि समान कामाला समान वेतनाचं काय, असं तुम्ही विचाराल. तो कायदा १९७६ पासून आहे, आता तो वेतन संहितेत गेला आहे. पण कामच सारखं नाही म्हटल्यावर तुलना कुणाशी करणार? बाई बिगारी राहिली की कायदा पाळल्यासारखाही दिसतो आणि पैसेही वाचतात. त्यातही पुरुष बिगाऱ्याचा रोज बाईपेक्षा जास्त असतो, ते तुम्ही स्वतः दिलेल्या मजुरीतच पाहिलं असेल.

प्रश्न : मी पावरा समाजाचा आहे. दहावीत गणितात गेलो. दिवाळीनंतर आमच्याकडची निम्मी पोरं सुरत आणि वापीकडे बांधकामावर जातात, मीही दोन हंगाम गेलो. सेंट्रिंगच्या फळ्या उचलायचं काम. मला वेल्डर नाहीतर वायरमन व्हायचं आहे. दहावी नापासाला कोण घेतं?
— एक वाचक, शिरपूर तालुका

उत्तर : भाऊ, आयटीआय घेतं. सगळ्याच व्यवसायांना दहावी पासची अट नाही. वेल्डर, वायरमन, गवंडी, सुतार अशा काही व्यवसायांना दहावी नापास मुलालाही अर्ज करता येतो. वेल्डर एक वर्षाचा, वायरमन दोन वर्षांचा. विजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियनला मात्र दहावी पास लागते, त्यामुळे एजंट "इलेक्ट्रिशियनला लावून देतो" म्हणाला तर पैसे काढू नका. प्रवेश ऑनलाइन आणि गुणांवर होतात, अनुसूचित जमातीच्या जागा राखीव आहेत. जातीचा दाखला, जात वैधता आणि उत्पन्नाचा दाखला यांसाठी आतापासून फिरायला लागा. पोरं गुणांत कमी आणि कागदांत जास्त मागे पडतात. वसतिगृह आणि शिष्यवृत्तीसाठी धुळ्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जा. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा, यावल, रावेरकडच्या पावरा, तडवी, भिल्ल मुलांसाठी हेच कार्यालय यावलला आहे.

दोन वर्षं थांबणं परवडत नसेल, तर दीनदयाल उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना बघा. वय पंधरा ते पस्तीस, बायकांना पंचेचाळीसपर्यंत सवलत. निम्म्या जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी, एक तृतीयांश महिलांसाठी. वर्ग निवासी असतात आणि नोकरी लावून देण्याची जबाबदारी प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेवर असते. प्रवेश घेण्यापूर्वी मागच्या तुकडीतल्या दोन मुलांचे फोन नंबर मागा आणि त्यांना विचारा, की आता कुठे आहेत आणि हातात किती पडतात. संस्था नंबर द्यायला टाळाटाळ करत असेल तर दुसरी बघा.

गणिताचा पेपर मात्र सोडू नका. भुसावळला रेल्वेची शेडं आणि डेपो आहेत. मध्य रेल्वे तिथे वेल्डर, विजतंत्री अशा व्यवसायांत शिकाऊ उमेदवार घेते, पण दहावीला पन्नास टक्के आणि आयटीआय दोन्ही लागतं, वयाची मर्यादा चोवीस. निवड दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर होते, वेगळी लेखी परीक्षा नसते. आणि वेल्डर-वायरमनच्या कामात गणित रोज लागतं. तारेची जाडी, लोडचा हिशोब, कोनाचं माप. दोन हंगाम सेंट्रिंगवर काढले आहेत ना? स्लॅबखाली किती टेकू आणि किती अंतरावर, हे तुम्ही मोजूनच लावलं असेल. गणित तुम्हाला येतं, पेपर लिहिता आला नाही एवढंच.

प्रश्न : मी लहान ठेकेदार आहे. दोन बायांना गिलावा शिकवायची माझी तयारी आहे, पण माझे मिस्तरीच नाराज होतात आणि घरमालक म्हणतात, "आमच्या घरावर प्रयोग नको." कायद्याने मला काही करता येतं का? आणि उद्या काही झालं तर जबाबदारी माझ्यावर येईल, ही भीती आहे.
— एक वाचक, धुळे

उत्तर : साहेब, असं पत्र पहिल्यांदाच आलं, म्हणून थोडं सविस्तर.

चार माणसं असली तरी तुम्ही अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करू शकता. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, सरकार देतं. उरलेला तुम्ही द्यायचा. बायांना आजच्या रोजापेक्षा कमी पडू नये म्हणून फरकही तुम्हीच भरायचा, हे माझं म्हणणं आहे, कायद्याचं नाही. कारण त्या निम्मा दिवस शिकतील आणि निम्मा दिवस नेहमीचं काम करतीलच, तुमचं नुकसान वाटतं तेवढं नाही.

एकटीला कधीच शिकवायला घेऊ नका. दोघी हव्यात. एकटी असली की ती थट्टेचा विषय होते आणि पंधरवड्यात घमेल्याकडे परत जाते. घरमालकाच्या दर्शनी भिंतीवर सुरुवात करू नका, त्याचं म्हणणं तिथे रास्त आहे. संरक्षक भिंत, टाकीची आतली बाजू, पॅरापेट, मागचं अंगण अशी जागा द्या. गिलाव्यात आधी ठिय्ये मारायला शिकवा, मग रंधा. ठिय्ये ओळंब्यात असतील तर पुढची भिंत आपोआप सरळ येते. आणि आखणीच्या सकाळी त्यांना पाणी भरायला पाठवू नका, दोरी त्यांच्या हातात द्या. मिस्तरींची नाराजी पैशाची आहे की मानाची, हे ओळखा. शिकवणाऱ्या मिस्तरीला महिन्याकाठी वेगळे काही पैसे दिले तर निम्मी नाराजी मिटते. उरलेली अर्धी कामाची गरज निघाली की जाते. लग्नसराईत मिस्तरी गावाला गेला आणि स्लॅब तोंडावर आला की ठेकेदाराला हात दिसतो, तो कुणाचा आहे हे दिसत नाही.

जबाबदारी म्हणाल, तर ती आजही तुमच्यावरच आहे. हेल्मेट, परांचीला कठडा आणि सुरक्षा पट्टा हे बाई घमेलं घेऊन चढते तेव्हाही हवंच. साइटवर आडोशाचं शौचालय नसेल तर बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, खानदेशातल्या मे महिन्यात त्याचा अर्थ काय होतो ते तुम्हाला माहीत आहे. पत्र्याचं उभं करा, आधी ते करा. छेडछाडीची तक्रार आली तर दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. हा नियम साइटवर पहिल्याच दिवशी सगळ्यांना ऐकवा.

आणखी एक काम तुमच्याच हातात आहे, त्याला दमडी लागत नाही. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी वय अठरा ते साठ आणि मागच्या बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मुलांच्या शिष्यवृत्तीपासून बाळंतपणाच्या मदतीपर्यंत पुढचं सगळं त्या एका कागदावर अडतं. जोडप्याने काम केलं तर ठेकेदार दाखला नवऱ्याच्या नावाने देतो आणि बाई कागदावर उरतच नाही. हजेरीच्या वहीत बाईचं नाव वेगळ्या ओळीत लिहा आणि दाखला तिच्या नावाने वेगळा द्या. नव्वद दिवस तिनेही भरलेत.

पारोळ्याच्या ताईंना जाता जाता एक सांगायचं राहिलं. मावशींच्या घरी मुलगी किंवा नात असेल आणि ती दहावीला बसली असेल, पास होवो वा नापास, तर निकालानंतर तिला जवळच्या आयटीआयत घेऊन जा. शिलाई आणि ब्यूटी पार्लरच्या वर्गांपाशी थांबू नका, वायरमन, वेल्डर आणि गवंडीची कार्यशाळाही तिला दाखवा. प्रत्येक व्यवसायात मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव असतात. मुली आल्या नाहीत तर त्या जागा मुलांना दिल्या जातात.